एकशे सहावी चकती

माझ्या मामेसासऱ्यांइतकं गणितावर जीव टाकणारं माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात झालं नाही, आणि गणिताच्या मास्तरांना त्यांच्याइतकं छळणारं माणूस सबंध महाराष्ट्रात झालं नसेल. हे मी अधिकाराने सांगतो, कारण मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली चौदा वर्षं त्यांनी मला छळलं. माझ्याकडे एम.एस्सी.ची पदवी होती आणि त्यांच्याकडे सातवी नापासचा दाखला. उद्यमनगरातल्या एका लहानशा वर्कशॉपात ते लेथवर टर्नर होते. लोखंडाची कांब मशीनला लावायची, तिला फिरवत फिरवत हव्या त्या मापाची करायची, हा त्यांचा धंदा. हा माणूस खिशात पेन कधी ठेवत नसे. डाव्या खिशात माप घ्यायचा व्हर्नियर आणि उजव्या खिशात खडूचे तुकडे. त्यामुळे त्यांच्या झाडून सगळ्या शर्टांच्या उजव्या खिशाला पांढरा डाग असे, आणि मामी म्हणत, "ह्येंचं लगीन माझ्यासंगं झालंय, पर नांदत्यात आकड्यांसंगं." कोडं सुचलं की मामांना खडू ओढायला कुठलीही जागा चाले. लेथची पाठ, दुकानाचं शटर, मंगल कार्यालयाची फरशी. एका लग्नात त्यांनी स्टेजच्या पायरीवर काढलेलं वर्तुळ आणि त्रिकोण पाहून नवरीच्या आत्याने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. मामांनी तिला अडवलं नाही. फक्त "कोपऱ्यावर नका टाकू, तितनं रेघ जायाची हाय," एवढंच सांगितलं.

आमची पहिली भेट मी हिला बघायला गेलो त्या दिवशी झाली. बाकीची मंडळी पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, असे रीतसर प्रश्न विचारत होती. तेवढ्यात कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीतून एक आवाज आला, "पावणं, गणिताचं मास्तर म्हनं तुमी?" मी हो म्हणालो. "मग बारा गोट्या हायत. दिसाय सगळ्या सारख्या. त्यातली एक खोटी. पर ती जड हाय का हलकी, ते ठावं न्हाई. तागडी तीनदाच वापरायची. हुडका बघू." एवढं बोलून ते शांतपणे पोहे खाऊ लागले. झालं, मी गेलो कामातून. माझ्यासमोर चहाचा कप ठेवून मुलगी समोर येऊन बसली, तिचं शिक्षण सांगून झालं, विणकाम दाखवून झालं, आणि मी पोह्यांतले बारा शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला त्यांचे गट करत बसलो होतो. शेवटी वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "मुलीला काही विचारायचं असलं तर विचारा." मी भानावर येत विचारलं, "चार-चार केले तर?" मुलगी मान खाली घालूनच म्हणाली, "चार-चारच करायचे." मामांनी तिच्याकडे डोळे वटारले, तशी ती पुढचं बोलली नाही. लहानपणापासून ती मामांच्या तालमीतली होती, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी मी तिच्या वडिलांना कार्ड टाकलं. ते दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं होतं. पहिल्यांदा चार विरुद्ध चार, तागडी समतोल राहिली तर असं, नाही राहिली तर तसं, आणि शेवटी खोटी गोटी सापडली याचा आनंद. मुलगी पसंत आहे हे लिहायला जागा उरली नाही, आणि खरं सांगायचं तर ते लिहायचं असतं हेच मी विसरलो. सासऱ्यांनी कार्ड वाचून डोक्याला हात लावला म्हणे. मामांनी मात्र ते तीनदा वाचलं, एकेक पायरी खडूने फरशीवर तपासली आणि जाहीर केलं, "ह्यो गडी सोडायचा न्हाई. चार दिस गोट्यांच्या मागं लागलाय, पोरीला काय सोडतोय व्हय!" मग बाहेर जाऊन त्यांनी आपल्या जुन्या स्कूटरचा हॉर्न तीन वेळा दाबला. ही त्यांची विजयाची घोषणा होती. कोडं सुटलं, मग ते कुणीही सोडवलेलं असो, की हॉर्न वाजायचा. गल्लीत नवीन आलेल्या लोकांना वाटे, यांच्या घरी सारखे नातू होतात.

लग्नानंतर माझी दुपार-संध्याकाळ मामांच्या ताब्यात गेली. शाळा सुटली की मी वर्कशॉपवरून घरी जायचो, आणि लेथ बंद करून, हात घासलेटाने पुसत ते वाट बघत असायचे. कोडं घालण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण त्यांचा एक जीवघेणा नियम होता. स्वतः घातलेल्या कोड्याचं उत्तर सांगायचं नाही. विनवण्या करा, रुसा, हिच्यामार्फत वशिला लावा, मामा ढिम्म. "उत्तर सांगितलं की कोडं मेलं," म्हणायचे, "आन् मला त्येचं पाप नको." एकदा त्यांनी मला एका नदीपारच्या कोड्यात असं अडकवलं की मी सव्वा महिना नीट जेवलो नाही. मामी एका संध्याकाळी हळूच मला म्हणाल्या, "जावई, सांगू का मी? मला ठावं हाय." मी मोहात पडलो होतो, पण तेवढ्यात आतून आवाज आला, "सांगितलंस तर म्हायेरी धाडीन!" मामींना माहेरी जाऊन आठ वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, "मग सांगतेच की!" शेवटी सांगितलं मात्र नाही, कारण त्याही मनातून त्याच पंथाच्या.

त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट तर अजून आमच्या घरी सांगितली जाते. भूल देण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, शंभरापासून उलटे आकडे म्हणा. मामांनी सुरुवात केली, "सत्त्याण्णव, एकोणनव्वद, त्र्याऐंशी, एकोणऐंशी..." डॉक्टरांना वाटलं, माणूस घाबरलाय, भान राहिलेलं नाही. त्यांनी नर्सला रक्तदाब बघायला सांगितला. मामा म्हणाले, "रगात ठीक हाय. मी फकस्त मूळ संख्या म्हनतोय. सगळेच म्हनतात ते काय म्हनायचं!" शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "कितीवर बंद पडलो?" डॉक्टरांनी सांगितलं, एकाहत्तर. मामांना फार वाईट वाटलं. पन्नासच्या खाली जायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पण या सगळ्या गमतीखाली एक ठसठस होती, आणि ती मला फार उशिरा समजली. त्यांचं गाव मलकापूरकडचं. सातवीच्या परीक्षेत त्यांनी गणिताच्या पेपरात सगळी उत्तरं बरोबर लिहिली होती, फक्त उत्तरं. रीत एकाचीही लिहिली नव्हती. डोक्यात जे आपोआप झालं ते कागदावर कसं उतरवायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मास्तरांनी शून्य दिलं, कॉपी केली म्हणून सगळ्या वर्गासमोर उभं केलं, आणि फळ्यावर एक गणित रीतीने करून दाखव म्हणाले. हातात खडू घेऊन मामा तासभर उभे राहिले आणि एक अक्षर लिहू शकले नाहीत. शाळा तिथेच सुटली. लेथच्या पाठीवर, शटरवर, दुनियाभर खडू ओढणारा हा माणूस भिंतीवरच्या काळ्या फळ्यासमोर मात्र कधी उभा राहायचा नाही.

आणि नेमकं फळ्याशीच त्यांचं काम होतं. आमच्या शाळेतल्या एका वर्गात दर रविवारी सकाळी आम्हा चार-पाच गणितवेड्यांची बैठक भरे. कॉलेजातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणत असू, तिचे प्रमुख होते. तिथे एकच कायदा होता. उत्तर फळ्यावर रीतीने सिद्ध करायचं. केलं, की सर एका जाड वहीत कोडं, उत्तर आणि सोडवणाऱ्याचं नाव लिहीत. चुकलं, तर चुकणाऱ्याने शाळेसमोरच्या गाड्यावरची भजी सगळ्यांना घालायची. मामांना मी पाहुणे म्हणून घेऊन जाऊ लागलो. ते मागच्या बाकावर बसत आणि सगळ्यांच्या आधी उत्तर माझ्या कानात सांगत. मी फळ्यावर जाऊन रीत मांडे, आणि वहीत नाव लागे माझं. पाच वर्षांत माझं नाव पंधरा-वीस वेळा लागलं. त्यातलं निम्मं पुण्य मामांचं होतं. बैठक सुटली की ते टेबलापाशी जाऊन ती वही उघडत, पानं चाळत आणि परत मिटून ठेवत. आपलं नाव त्यात यावं अशी त्यांची इच्छा होती, हे न सांगता कुणालाही कळलं असतं. मला कळायला पाच वर्षं लागली.

एका रविवारी मामा आले नव्हते. त्या दिवशी सरांनी जाता जाता एक सोपं कोडं घातलं. आतून दहा इंच लांब आणि दहा इंच रुंद असा एक चौकोनी ट्रे आहे, त्यात एक इंच व्यासाच्या गोल चकत्या एका थरात जास्तीत जास्त किती बसतील? सर म्हणाले, हे आपलं पोरांसाठी. संध्याकाळी मी ते मामांना सांगितलं, आणि सवयीप्रमाणे उत्तरही सांगून टाकलं. दहा ओळी, प्रत्येकीत दहा, शंभर. मामा हात पुसत होते, ते थांबले. "शंभर? कशावरनं?" मी म्हणालो, मामा, सरळ आहे. "सरळ हाय म्हनून बरुबर हाय व्हय? रीत दावा की." मला हसू आलं. मी एम.एस्सी., आणि हे मला दहा दाहे शंभरची रीत विचारत होते. मी हसलो ते त्यांना लागलं असावं, कारण पुढचे सहा दिवस त्यांनी मला एकही कोडं घातलं नाही.

पुढच्या रविवारी मामा खांद्यावर जड पिशवी घेऊन वर्गात आले आणि पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसले. सरांनी गमतीने विचारलं, "त्या ट्रेचं सगळ्यांचं शंभरच ना?" मामा उठले. "एकशेपाच." सगळे हसले, मीही हसलो. मामांचा चेहरा लाल झाला. "हसू नगा. चुकलं तर भजी तर घालतोच, पर परत ह्या वर्गाची पायरीबी चढणार न्हाई." हसणं थांबलं. रविवार गेला तर या माणसाच्या आठवड्यात काय उरेल, हे मला ठाऊक होतं. मी त्यांची बाही ओढली, पण ते माझ्याकडे बघेनात. त्यांनी पिशवीतून एक पोलादी ट्रे काढला, आतून बरोबर दहा इंच. मग चकत्यांचा ढीग, प्रत्येक बरोबर एक इंच. सहा दिवस कामाचे तास संपल्यावर थांबून त्यांनी त्या लेथवर काढल्या होत्या, शेवटची त्याच सकाळी. फरशीवर खडूने मांडणी करून झाली होती, चकत्या ट्रेमध्ये ठेवून पाहायला मात्र वेळ मिळाला नव्हता. त्यांनी पहिली ओळ लावायला घेतली. नऊ चकत्या बसल्या, आणि दहावी बसेना.

दाबली, फिरवली, काढून परत लावली. दहावी चकती ट्रेच्या काठावर बसून राहिली. एकशे पाच राहू द्या, शंभरही बसत नव्हत्या. कारण माझ्या लक्षात आलं आणि मला रडावं की हसावं कळेना. कुठलाही टर्नर बसवायच्या वस्तूला केसभर मोकळीक ठेवतो. नाहीतर ती बसतच नाही. हे मामांनी जन्मभर केलं होतं. पण हे गणित होतं. गणितात एक इंच म्हणजे एक इंच, म्हणून त्यांनी मोकळीकच ठेवली नव्हती. कुणीतरी म्हणालं, "मामा, एखादी चकती कानसीने जरा घासा." मामा ताडकन म्हणाले, "घासली की ती एक इंचाची ऱ्हाईल व्हय? ते कोडं न्हवं, लबाडी झाली." सर मृदूपणे म्हणाले, "असू द्या. रीत सांगता येईल का?" आणि त्यांनी खडू पुढे केला.

मामा फळ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मनात म्हटलं, आता हे पिशवी उचलतील. मी उठलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. हळूच म्हणालो, "मामा, फळा नाही हा. लेथची पाठ आहे समजा." त्यांनी खडू घेतला. एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं काढली, आणि तिसरं त्यांच्या वर, बरोबर मधल्या खोबणीत. "चकतीवर चकती नीट ठेवली तर एक ओळ एक इंच खाती," ते म्हणाले. "पर खोबणीत बशीवली तर ती खाली उतरती. त्या ओळीत धाच्या जागी नऊच मावत्यात, पर उंची वाचती." "किती वाचते?" सरांनी विचारलं. मामांनी तिन्ही वर्तुळांचे मध्य जोडले. त्रिकोण झाला. "ह्यो साठ अंशाचा. आमी बोल्टाला आटे पाडतो त्यो बी साठचाच. दोन आट्यांमधलं अंतर घ्यायचं, पॉइंट आठशे सहासष्टनं गुणायचं, आट्याची उंची येती. तीस वर्सं करतोय." सर खुर्चीतून पुढे झुकले. ज्या आकड्यासाठी मी मुलांना दोन पानं वर्गमूळ लिहायला लावतो, तो या माणसाच्या हातात तीस वर्षं होता. मामांनी मांडलं. अकरा ओळी, मधली दहा अंतरं, म्हणजे आठ पॉइंट सहासष्ट. वर अर्धा, खाली अर्धा इंच. नऊ पॉइंट सहासष्ट. "दहाच्या आत हाय की न्हाई? सा ओळी धाच्या, पाच नऊच्या. साठ न् पंचेचाळीस."

सर उठून उभे राहिले. "एकशे पाच," ते म्हणाले. "मी तीस वर्षं हे कोडं शंभर म्हणून घालतोय." पण मामा फळ्यावरून हटायला तयार नव्हते. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा फळा त्यांच्या हाती लागला होता. "वर पॉइंट चौतीस इंच मोकळं ऱ्हातंय, ते का वाया घालवायचं?" आणि मग आम्ही सगळेच फळ्यावर तुटून पडलो. मी म्हणालो, वरच्या दोन ओळी खोबणीत न बसवता सरळ एकावर एक ठेवू, दोन्ही दहाच्या होतील. सरांनी हिशेब केला, त्याला पॉइंट एकशे चौतीस जास्त लागतात, म्हणजे मावतं. मोजलं, तर तळाची ओळ नऊची होऊन परत एकशे पाच! सगळे हिरमुसले. मामांनी खडू टेकवला. "खालीबी तसंच करून बगूया की." खालच्या दोन ओळीही सरळ ठेवल्या. सात ओळी दहाच्या, चार नऊच्या. नऊ पॉइंट नऊशे अठ्ठावीस इंच. एकशे सहा! "बसलं की ओ!" मामा एवढ्याने ओरडले की समोरचा भजीवाला झारा घेऊन खिडकीशी आला.

त्याला बघून मामांच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. "गाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवत्यात?" त्यांनी विचारलं. "तापवून! तापली की फुगती. गार झाली की परत मापात. लबाडी न्हाई!" आम्ही ट्रे घेऊन गाड्यावर गेलो. भजीवाल्याने कढई उतरवली, तेही हौसेने, आणि ट्रे शेगडीवर चढला. मग सांडशीने तो फरशीवर ठेवून पाच सुशिक्षित आणि एक सातवी नापास माणूस हात भाजत, एकमेकांना शिव्या घालत चकत्या लावू लागले. दहावी चकती टुकदिशी बसली. एकशे पाच संपल्या, तेव्हा मामांनी पिशवीतून आणखी एक काढली. वर्कशॉपातला माणूस मोजून नग कधी करत नाही, दोन जादा करतो. एकशे सहावी बसली. ट्रे गार झाला तशा दहाच्या ओळी अशा आवळल्या की नखानेही हलेनात. भजी त्या दिवशी सरांनी घातली. सगळ्यात आधी चुकलो मी होतो, तरी त्यांनी ऐकलं नाही.

परत वर्गात येऊन सरांनी वही उघडली, कोडं लिहिलं, उत्तर लिहिलं आणि पेन तसंच धरून म्हणाले, "पूर्ण नाव सांगा." मामा ताठ उभे राहिले. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका शाहूवाडी, सगळं सांगितलं. सरांनी तेवढं सगळं लिहिलं. मामा ओणवे होऊन त्या ओळीकडे बघत राहिले, आणि शाई वाळेपर्यंत त्यांनी ती वही कुणाला मिटू दिली नाही. मला इतका आनंद माझं स्वतःचं नाव लागल्यावर कधी झाला नव्हता.

पुढे सर गेले, बैठक मोडली, वर्कशॉपात नवी मशिनं आली आणि मामा घरी बसले. पण ट्रे त्यांना सोडेना. एकशे सात बसतात का? आम्ही वर्षानुवर्षं त्या एका चकतीच्या मागे होतो. तिरक्या ओळी, वाकड्या ओळी, सगळं करून पाहिलं. शेवटच्या आजारपणात मी एका दुपारी भेटायला गेलो, तेव्हा आवाज अगदी खोल गेला होता. त्यांनी विचारलं, "एकशेसातचं काय?" मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "मामा, बहुतेक बसतच नाहीत." त्यांनी डोळे उघडले. "भौतेक? शंभराला बी तुमी असंच म्हनला हुता. न्हाई बसत तर रीत दावा." मी म्हणालो, शोधतो. ते समाधानाने हसले आणि माझा हात धरून झोपी गेले. आठवड्याने गेले.

रीत अजून सापडलेली नाही. मी रविवारी सकाळी कागद घेऊन बसतो, वर्तुळं काढतो, खोडतो. मध्येच काहीतरी जमतंय असं वाटतं आणि मी सांगायला मान वर करतो. समोर कुणी नसतं. एकट्याने कोडं सोडवण्यात काही मजा नाही हो.